दोरीवरची ओली साडी

चोर रात्री येतो, असं अजूनही बहुतेकांना वाटतं. म्हणून रात्री दाराला कडी, खटका, साखळी सगळं लागतं आणि दुपारी कोथिंबीर आणायला खाली जाताना दार नुसतं ओढून घेतलं जातं. मरोळच्या एका जुन्या सोसायटीच्या गेटवर मी दिवसपाळीला उमेदीची सगळी वर्षं काढली, त्या अनुभवावरून सांगते, चोराची आवडती वेळ दुपारची. शाळेची बस गेलेली असते, ऑफिसवाले गेलेले असतात, भांडीवाली कामं उरकून दुसऱ्या इमारतीत गेलेली असते आणि घरात जे कोणी म्हातारं माणूस असतं ते जेवून आडवं झालेलं असतं. पंखे सोडले तर इमारतीत काही हलत नाही. अशा वेळी कोणी जिना चढू लागला तर त्याला ‘कोणाकडे?’ असं विचारणारं कोणी नसतं. आमच्याकडे मी होते.

बाईमाणूस गेटवर आलं तेव्हा मला हाक काय मारायची हेच लोकांना कळेना. पोरं ‘वॉचमन आंटी’ म्हणायची. चेअरमनसाहेब ‘अहो सिक्युरिटी’ म्हणायचे, जसं काही माझ्या पाठीमागे अख्खी पलटण उभी आहे. नाव विचारलं ते फक्त ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फिलोमिना आंटीने. ती मूळ मरोळच्याच गावठाणातली. सोसायटी उभी आहे तिथे तिच्या सासऱ्यांची भाताची शेती होती. ‘सुनंदा’ म्हटल्यावर ती म्हणाली, “चल, बरं झालं. बाई आहे म्हणजे लक्ष तरी देशील.” मी वाकोल्याहून बसने यायचे. आमच्या तिथल्या एका खोलीत इतकी माणसं राहायची, की चोराला पाय ठेवायला जागा मिळाली नसती. घर बंद असणं ही गोष्टच मला इथे येऊन कळली.

या कामाला दंडात ताकद लागते असा एक गैरसमज आहे. लागतात ते कान. दुपारी खुर्चीत बसून माझे डोळे अर्धे मिटलेले असायचे आणि येणारे-जाणारे म्हणायचे, “झोपली बघा.” मी झोपलेली नसायचे. कोणाच्या घरचा झोपाळा करकरतोय, कोणाचा मिक्सर लागलाय, कोणाच्या नळाखाली बादली भरतेय, हे सगळं त्या उन्हात तरंगत माझ्यापर्यंत यायचं. इमारत झोपेत श्वास घेतेय असं वाटायचं आणि मीही तिच्याबरोबर हळूहळू श्वास घेत बसायचे. मध्येच एखादा आवाज त्यात न बसणारा आला, की मी उठायचे. जिन्यात चपला काढून हातात घेतलेला माणूस कसा चालतो, हे मला खुर्चीत बसून कळायचं. या गोष्टीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माणसं ओळखण्याची पण गंमत असते. एकदा एक जोडपं आलं. बाईच्या अंगावर भरजरी साडी, गृहस्थांच्या हातात मिठाईचा डबा. “शहांकडे जायचंय.” कोणते शहा विचारलं तर गृहस्थ भडकले. वरून एक मेंबर खाली आले आणि मलाच झापायला लागले, चांगल्या घरच्या माणसांना उन्हात उभं करतेस म्हणून. मी म्हटलं, “साहेब, मिठाईचा डबा हलवून बघा.” डब्यात पक्कड, स्क्रू ड्रायव्हर असला ऐवज खडखडत होता. जोडपं रिक्षात बसून पसार झालं. ते मेंबर पुढे मला गुड मॉर्निंग म्हणायला लागले, पण झापल्याचं काही बोलले नाहीत.

चोर घर वाचतो, आपण पेपर वाचतो तसं. दाराला बाहेरून मोठं कुलूप म्हणजे आत कोणी नाही, हे त्याला तुम्हीच सांगितलंत. दारात दोन दिवसांची वर्तमानपत्रं, भर दुपारी जळणारा व्हरांड्यातला दिवा, दाराबाहेर चपला नाहीत. आणि सगळ्यात आधी तो मान वर करून बघतो ती बाल्कनी. मुंबईत दोरीवर कपडे नाहीत असं घर नसतं. दोरी रिकामी, तर घर रिकामं. आमच्याकडे एका मेंबरने मुख्य दाराला तीन-तीन कुलपं लावली आणि स्वयंपाकघराची डक्टकडची, म्हणजे मागच्या पाइपांच्या बोळाकडची, खिडकी मांजरासाठी उघडी ठेवून ते गोव्याला गेले. वर सोसायटीच्या ग्रुपवर समुद्राचे फोटो. मी आंटीला म्हटलं, आता फक्त चोराला सरबत विचारायचं राहिलंय.

पण सांगायची आहे ती गोष्ट सावे काकांची.

काका आंटीच्या समोरच्या घरात राहायचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात नकाशे काढायचं काम करून निवृत्त झालेले, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्या पत्नी नलिनीकाकूंना जाऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा मी कामाला लागले, त्यामुळे काकूंना मी कधी पाहिलं नाही. काका एकटे. लेक माधवी नाशिकला. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन करायला हवं असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि ते लेकीजवळ नाशिकला करून पुढे तिथेच विश्रांती घ्यायची असं ठरलं होतं. काका ते पुढे ढकलत होते. दिवाळी होऊ दे, थंडी पडू दे, लग्नसराई संपू दे. माधवी एकदा न्यायला आली आणि एकटीच परत निघाली. गेटवर थांबून ती रडायला लागली. “ताई, तुम्ही तरी सांगा ना बाबांना. ते घर सोडायला तयारच नाहीत. जिना चढताना मध्येच बसतात हो ते.”

ते मीही बघत होते. जिन्यात दोनदा बसणारा माणूस आता चारदा बसायला लागला होता.

कारण मला ठाऊक होतं. त्याच वर्षी वरच्या मजल्यावर घरफोडी झाली होती आणि पोलिसांनी पंच म्हणून काकांना बोलावलं होतं. चोराला घाई असते. तो कपाट शोधत बसत नाही, सगळं ओढून जमिनीवर टाकतो आणि त्यावर उभा राहून पुढचा खण उघडतो. काकांनी तिथे साड्यांवर उमटलेले बुटांचे ठसे पाहिले होते. मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “चोर काय नेईल याची मला भीती नाही, सुनंदा. न्यायला आहे काय माझ्याकडे? तो काय विस्कटेल याची आहे.”

काकूंचं कपाट त्या गेल्या तसंच होतं. साड्यांच्या घड्या त्यांच्या हातच्या. काका संध्याकाळी कपाट उघडायचे, नुसते बघायचे आणि बंद करायचे. बँकेत ठेवता येईल असली वस्तू नव्हती ती. आणि ती राखायला हा माणूस जीव धोक्यात घालून घरात बसला होता. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

मी म्हटलं, “काका, घर मी जागं ठेवते.”

“म्हणजे काय करशील?”

“रोज दुपारी खिडकी उघडीन, रेडिओ लावीन. दाराबाहेर बायकी चपला राहतील. आणि दोरीवर रोज एक साडी वाळेल. माझी जुनी आणते घरून.”

काका लगेच म्हणाले, “तिच्या दोरीवर दुसऱ्या कोणाची साडी नको,” आणि दार लावून घेतलं. झालं, फिसकटलं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः खाली उतरून आले. हातात कापडी पिशवी होती. तिच्यात वांगी रंगाची, बारीक पांढऱ्या काठाची एक सुती साडी होती. घडी तशीच.

“रोजची होती ही तिची,” ते म्हणाले. “घडी मोडशील तेव्हा मी इथे नसेन, ते बरं.”

त्याच आठवड्यात ते नाशिकला गेले.

कमिटीची परवानगी सेक्रेटरींकडून रीतसर घेतली, कारण गार्डने कोणाच्या घरात पाऊल ठेवायचं नाही असा आमचा नियम आणि तो योग्यच आहे. चावी आंटीकडे. माझ्या जेवणाच्या सुट्टीत बी विंगचा गार्ड गेट बघायचा आणि मी वर जायचे. पहिल्या दिवशी साडीची घडी उलगडताना माझे हात थांबले. आत डांबरगोळ्यांचा वास कोंडलेला होता. मी ती तशीच कोरडी दोरीवर टाकली. आंटी दारातून बघत होती.

“काय गो, साडी वाळत घालतेस का झेंडा लावतेस? ओलं कापड असं उडतं काय?”

खरंच, ती वाऱ्यावर फडफडत होती. धुतलेली साडी जड असते, खाली ओढली जाते, तिच्या टोकाला पाणी जमतं. आम्हा बायकांना हे सांगावं लागू नये, पण मी गार्डच्या डोक्याने विचार करत होते. मग रोज ती बादलीत बुडवून, पिळून, झटकून घालायची असं ठरलं. आंटीची दुसरी हरकत माझ्या कपड्यांवर. “शर्ट-पँट घालून उभी राहिलीस तर खालून कोणी पण सांगेल, वॉचमन आहे.” तिने आपला मोठ्या फुलांचा गाऊन आणून दिला. मी टोपी काढून ठेवायचे, युनिफॉर्मवरून गाऊन चढवायचे आणि सावे काकांच्या बाल्कनीत घरची बाई होऊन उभी राहायचे.

ते दिवस मला आजही स्वप्नात पडल्यासारखे आठवतात. साडी वाळत घालून झाली की मी जमिनीवर बसून डबा खायचे. रेडिओ हळू आवाजात लावलेला. उन्हाचा चौकोन लादीवरून सरकत दिवाणाच्या पायापर्यंत जायचा आणि त्यात साडीची सावली हलायची. टोकाचं पाणी बाल्कनीत टप टप पडायचं. त्या घरात कोणी नाही असं मला कधी वाटलं नाही. आतल्या खोलीत कोणीतरी पडलंय, डोळा लागलाय, आपण भांड्यांचा आवाज करू नये, असंच वाटायचं. मी डब्याचं झाकणसुद्धा हळू लावायचे. काकूंशी मी बोलायलाही लागले. आज वारा आहे, आज माधवीचा फोन आला होता, ऑपरेशन नीट झालं, आता घाबरू नका. कपाटाला मी हात लावला नाही, पण त्याच्यासमोरून जाताना पदर सावरल्यासारखा गाऊन सावरायचे. वाकोल्याच्या खोलीत मला एकटीला बसायला अशी दुपार आयुष्यात मिळाली नव्हती. कधी कधी वाटायचं, हे घर माझं आहे आणि गेटवर बसलेली सुनंदा कोणीतरी दुसरीच आहे. जेवणाची सुट्टी संपली की गाऊन काढायचा, टोपी घालायची आणि खाली यायचं.

एकदा खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी कडाक्याचं भांडण काढलं. त्यांना आमच्या बेताची कल्पना नव्हती. “वर कोण आहे? माझ्या वाळलेल्या चादरी भिजल्या! पिळून घालायला काय होतं हो?” मी बाल्कनीत साडीआड बसून ते ऐकत होते आणि मला इतका आनंद झाला, की विचारू नका. खाली राहणाऱ्या बाईला जर वर कोणी राहतंय असं वाटत असेल, तर रस्त्यावरून बघणाऱ्याची काय कथा! आंटी मात्र दोन्ही हात कमरेवर ठेवून बाहेर आली आणि माझ्या वतीने यथेच्छ भांडली.

मग एका आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी बी विंगमध्ये चोरी झाली. लग्न ठरलेल्या मुलीचं घर. पार्सल घेऊन आलेला माणूस कॅमेऱ्यात अर्धाच दिसत होता. हल्ली कॅमेरे आहेत, गेटवर अ‍ॅप आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. चोरी कशी झाली ते कॅमेरा छान दाखवतो. ती मुलगी दागिन्यांच्या रिकाम्या डब्या मांडीवर घेऊन बसली होती, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी त्या दिवशी तिथे असते तर, असं वाटतं. असते तरी काही वेगळं झालं नसतं, असंही लोक सांगतात. सुट्टी माझी हक्काची होती, तरी कमिटीत तोफ माझ्यावरच डागली गेली. “बाईने गेटवर बसायचं का बाल्कनीत साड्या वाळत घालायच्या?” चेअरमन म्हणाले. आंटीने ठणकावलं, “ती आपल्या जेवणाच्या टायमात जाते. तुम्ही तुमच्या जेवणाच्या टायमात काय करता ते आम्ही विचारतो काय?” माझं काम वाचलं. साडी चालू राहिली.

काका परत आले ते वाळून, हळूहळू पावलं टाकत, पण जिना एकदाही न बसता चढले. घर जसंच्या तसं होतं. कपाट उघडून त्यांनी पाहिलं, तेव्हा मी दारात उभी होते. त्यांचे खांदे एकदम सैल झाले. पण मग साडी द्यायची वेळ आली. रोजच्या पाण्याने आणि उन्हाने वांगी रंग पार उडाला होता. जिथे ती दोरीवर दुमडायची तिथे आडवा पांढरट पट्टा पडला होता. मी घातलेली घडी माझी घडी होती, काकूंची नव्हती. काकांनी ती दोन्ही हातांत घेतली, नाकाशी नेली. डांबरगोळ्यांचा वास केव्हाच गेला होता. मग ती तशीच घेऊन ते आत गेले.

त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. खाली बाकावर येऊन बसायचे, मान हलवायचे, बस. मला वाटलं, जे विस्कटू नये म्हणून हा माणूस जिवावर उदार झाला होता, ते मीच माझ्या हाताने विस्कटून दिलं. चोराने तरी एका दिवसात केलं असतं, मी रोज थोडं थोडं केलं. घरी जाताना बसमध्ये मला रडू यायचं.

आणि मग एका दुपारी पोलीस त्या चोराला घेऊन आले. घाटकोपरला दुसऱ्या कामात सापडला होता आणि त्याने आमची बी विंग कबूल केली होती. पकडलेल्या माणसाला असं जागेवर फिरवतात, तो बोटाने दाखवतो, पोलीस पंचनामा करतात. बारीक अंगाचा, नीट भांग पाडलेला माणूस. हातांना दोरी आणि दोरी हवालदाराच्या मुठीत. सोसायटीतले सगळे गोळा झाले. काका बाकावर होते. मी गेटजवळ, युनिफॉर्ममध्ये.

हवालदाराने विचारलं, “बी विंगच का रे? ए विंगला काय झालं होतं?”

“पयलं तेच ठरवलं होतं साहेब.” त्याने मान वर करून काकांच्या बाल्कनीकडे दाखवलं. “ते घर. एकटा म्हातारा, तो पण गावाला गेलाय असं कळलं होतं. पण खबर खोटी निघाली. तिथं बाई असते.”

कोणीतरी हसलं. हवालदार म्हणाला, “त्या घरात बाई नाही रे.”

“कसं नाय? मी बघितली ना. दोनदा आलो, दोनदा होती. बाई घरात असेल तर मी जात नाय साहेब.”

काका उठले. लोकांना बाजूला सारत चोरासमोर जाऊन उभे राहिले. हवालदाराने दोरी आखडली.

“काय करत होती ती?” काकांनी विचारलं.

चोर गोंधळला. “साडी वाळत घालत होती. झटकून टाकली, मग काठ ओढून सरळ केला.”

“मग?”

“मग तिथंच उभी होती. रस्त्याकडे बघत.”

“चेहरा दिसला?”

“नाय. साडी मध्ये होती.”

मी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभी होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलंही आणि नजर पुढे गेली. आंटीने माझा दंड घट्ट धरला होता. सगळं खरं काय ते काकांना माहीत होतं. माझ्या अंगावरचा फुलांचा गाऊन, कुलकर्णीबाईंचं भांडण, सगळं त्यांना आंटीने हसत हसत सांगितलं होतं. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बोट दाखवतील, लोक हसतील आणि विषय संपेल. पण काकांनी मान वळवली नाही. काकूंचं शेवटचं वर्ष फार हालात गेलं होतं, हे मला पुढे माधवीकडून कळलं. त्या वर्षात त्यांना बाल्कनीपर्यंत चालत येता आलं नव्हतं.

काका त्या चोराच्या आणखी जवळ सरकले आणि बाहेरगावाहून आलेल्या नातेवाइकाला विचारावं तशा आवाजात म्हणाले,

“बरी दिसत होती ना?”

चोराने हवालदाराकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं.

“हो काका,” तो म्हणाला. “चांगली होती.”